ते वचन दुसऱ्याच्या भुकेसाठी नव्हे

रविवारच्या पुरवणीत ख्रिस्ती उपवासकाळावरील लेख वाचला. ‘मनुष्य केवळ भाकरीने जगणार नाही’ या वचनावरून, बायबलमध्ये पोटाची भूक गौण ठरते, असे लेखकाने म्हटले आहे. ते पटत नाही. हे वचन मूळचे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातले (8:3). येशूने ते उच्चारले, तेव्हा 40 दिवसांच्या उपवासाने तो स्वतः भुकेला होता. सैतानाने सुचवूनही दगडांच्या भाकरी करायला त्याने नकार दिला, तो स्वतःच्या भुकेपुरता. लोकसमुदाय भुकेला होता, तेव्हा शिष्य त्यांना गावोगाव धाडायला निघाले होते. त्यांना त्याने सांगितले, ‘तुम्हीच त्यांना खायला द्या.’ पाच भाकरी व दोन मासे यांची ती कथा चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक व योहान यांनी सांगितलेल्या येशूच्या चरित्रांत आहे. योहान तर ‘जीवनाची भाकर मीच आहे’ हे शब्द त्यानंतर, दुसऱ्या दिवशी घालतो. आपल्याकडच्या ‘आधी पोटोबा, मग विठोबा’सारखेच हे!

कोण धन्य, हे सांगणाऱ्या येशूच्या वचनांत मत्तय ‘नीतिमत्त्वाची भूक’ म्हणतो, हे खरे. पण लूक नुसतेच ‘भुकेले’ म्हणतो. लेखात लूकचा उल्लेखही नाही. बायबलमधले याकोबाचे पत्रही राहून गेले. अन्नाला मोताद झालेल्या भावंडाला काही न देता ‘सुखाने जा, तृप्त व्हा’ म्हणण्याचा उपयोग काय, असे तो विचारतो (2:15-16).

– एक वाचक, नागाळा पार्क, कोल्हापूर