हरणाच्या शिकारीचं धनुष्य आणि आमचे माळकरी काका

काका, साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच विषय बदलता आणि तिकडे थंडी किती पडलीये ते विचारता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय वाचणाऱ्यांत हाताने काही ना काही बनवणारे बरेच जण आहेत, त्यांनाही कळू दे की पिंपरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या, अंड्यालाही न शिवणाऱ्या माणसाने पेनसिल्व्हेनियातल्या एका गॅरेजमध्ये उभं राहून शिकारीचं लाकडी धनुष्य कसं पुरं करून दिलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका उन्हाळ्यात मुलीकडे आले होते, ती आमच्या शेजारीच राहते. मी तेव्हा हिकरी या अमेरिकन झाडाच्या फळीतून ६६ इंचाचं लाँगबो करत होतो, पकडीच्या जागी अक्रोडाचा ठोकळा चिकटवलेला. हिकरी ताण भरपूर सोसते म्हणून धनुष्याला चांगली, फक्त फळी निवडताना ग्रेनच्या, म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात, रेषा मध्येच कडेला बाहेर पडली की तिथूनच चिरफळी उडणार. तेवढं सगळं जमलं होतं. पण साडेपाच फुटांचं धनुष्य माझ्या छोट्या गाडीत मावत नाही आणि दाट झुडपांतून नेताना सारखं अडकतं, म्हणून ते टेकडाउन करायचं होतं, म्हणजे मधोमध दोन तुकडे आणि जोडायला स्टीलची नळी. चांगलं वाकायला लागलेलं धनुष्य मधून करवतीने कापायचं, तिथेच माझं घोडं अडलं होतं.

तुम्ही पहिल्यांदा गॅरेजमध्ये आलात तेव्हा धनुष्याकडे बघितलंच नाहीत, आधी विचारलंत, "हे कायद्यात बसतं का रे?" मला तो प्रश्न फार आवडला होता. मग मी लायसन्स, त्याआधीचा हंटर सेफ्टीचा कोर्स, सीझनच्या तारखा, सगळं दाखवलं. हरणासाठी इथे धनुष्य किमान ३५ पौंडांचं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं, लागतं आणि बाणाचं पातं कमीत कमी ७/८ इंच रुंद, हे तुम्ही माझ्याच वहीत लिहून घेतलंत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली आणि इकडे त्याच १९७२ साली धनुष्यबाणांच्या विक्रीवर वन्यजीवांसाठी कर बसवायचा कायदा झाला, बंदुका-काडतुसांवरचा १९३७ पासूनच होता, हे ऐकल्यावर तुम्ही बराच वेळ त्यावर बोलत होतात. एका देशाने एक वाट धरली, दुसऱ्याने दुसरी, आणि दोघांनाही जनावर टिकवायचंच होतं, असं तुमचं म्हणणं. त्यानंतर म्हणालात, "मी खाणार नाही, मारणार नाही. पण तू करणारच असशील तर नीट कर. हत्यार ढिलं असलं तर हाल त्या जनावराचे होतात." काका, हे वाक्य मी पूर्ण सीझन डोक्यात घेऊन फिरलोय.

आता त्या नळीबद्दल, कारण खरं उपकाराचं काम ते.

बाजारात तयार स्लीव्ह मिळतात, पण तुम्ही म्हणालात साधा स्टीलचा पाइप आण, जाड नको. तो वाइसमध्ये दोन लाकडी ठोकळ्यांच्या मधे धरून तुम्ही हळूहळू दाबत गेलात, गोलाचा लंबगोल होईपर्यंत, प्रत्येक वेळी कॅलिपर लावून दोन्ही तोंडं सारखी आहेत ना बघत. गोल नळीत धनुष्याचे दोन भाग एकमेकांत फिरतात, लंबगोलात फिरूच शकत नाहीत, इतकी साधी गोष्ट पण हाताला सवय असल्याशिवाय सुचत नाही. मग माझ्या हातात करवत दिलीत. मला वाटलं होतं कापायचं काम तरी तुम्ही कराल. तुम्ही नुसते समोर उभे राहिलात, पेन्सिलची रेघ चारही बाजूंनी फिरवून घेतलीत आणि म्हणालात काप.

लाकडाचं टोक नळीत बसवताना तुम्ही मार्किंग ब्लू, म्हणजे कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग, मागितलंत, ते नव्हतं म्हणून माझ्या मुलीचा निळा खडू नळीच्या आत घासलात. टोक आत घालायचं, बाहेर काढायचं, जिथे निळं लागलं तेवढंच कानशीने घासायचं, परत घालायचं. मी जोर लावून दोन-चार हात मारले की तुम्ही माझ्या मनगटावर बोट ठेवायचात, एवढंच. शेवटी एक बाजू इपॉक्सीने नळीत कायमची बसवली, आणि दुसऱ्या बाजूसाठी नळीत आतून मेण चोळून लाकडावर भुसा मिसळलेल्या इपॉक्सीचा पातळ थर देऊन तसंच आत घालून रात्रभर ठेवलं. सकाळी ओढलं तेव्हा सुटताना "टप्प" असा आवाज झाला, बाटलीचं बूच निघाल्यासारखा, आणि तुमचा चेहरा काय खुलला होता! परत जोडून हलवलं तर तसूभर ढिलेपणा नाही. नळीवर आणि लाकडावर समोरासमोर पंचने एकेक ठिपका मारून दिलात, उलटं बसू नये म्हणून. मग वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत दोरा ताणला तर तो पकडीच्या बरोबर मधून गेला. वर चामडं गुंडाळलंय, बघणाऱ्याला सांधा कुठे आहे ते सांगावं लागतं.

टिलरिंगमध्येही, म्हणजे पकडीच्या वरचा आणि खालचा बाहू घासून सारखे वाकवण्याच्या कामात, तुमची नजर माझ्यापेक्षा लांब पोचायची. धनुष्य भिंतीवर टांगून पुलीच्या दोरीने ओढायचं, दोन्ही बाहू सारखे वाकतात का बघायचं, जिथे ताठ आहे तिथे पेन्सिलने खूण करून स्क्रेपरने पापुद्रा काढायचा, पुन्हा वीस-तीस वेळा ओढून मग तपासायचं, कारण लाकडाला बदल कळायला वेळ लागतो. तुम्ही मागच्या भिंतीवर खडूने चौकटी आखल्यात आणि मला लांब, गॅरेजच्या दाराबाहेर उभं केलंत. तिथून खालच्या बाहूच्या मधला ताठ भाग लगेच दिसला, जवळून कधीच दिसला नसता. खालचा बाहू किंचित कडक ठेवायचा असतो हे मी सांगितलं तर तुम्ही कारण विचारलंत, पकडणारा हात आणि बाण दोन्ही बरोबर मध्यावर येत नाहीत म्हणून खालच्या बाहूवर जोर जास्त येतो, हे कागदावर काढून स्वतःला पटवलंत आणि मगच पुढे गेलात. दोरी २८ इंच ओढल्यावर ४५ पौंड, त्याच्या वर एकदाही ओढायचं नाही, हा नियम तुम्ही माझ्यापेक्षा कडक पाळलात.

त्या संध्याकाळी चहा पिताना मी तुम्हाला इशीची गोष्ट सांगितली होती, आठवतेय? कॅलिफोर्नियातल्या, कत्तलींत संपलेल्या याही या आदिवासी जमातीतला शेवटचा माणूस, १९११ साली ओरोव्हिलजवळ एकटाच बाहेर आला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये राहिला, तिथल्या युनिव्हर्सिटीचे सर्जन सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि मारायला शिकले, आणि १९१६ मध्ये तो टीबीने गेला. आज अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे पोपना गुरू मानतात, म्हणजे मुळात इशीलाच. तुम्ही कप खाली ठेवून विचारलंत, "ज्याची सगळी माणसं मारली, त्याने तरी शिकवलं?" मला काही बोलता आलं नाही. तुमचेही डोळे भरले होते, ते मी तेव्हा बोललो नाही, आज लिहितोय.

सीझन उघडायच्या आधी तुम्ही पुण्याला परत गेलात. जाताना सांगून गेलात, काय होईल ते कळव, लपवू नकोस. म्हणून कळवतो. पंधरा यार्डांच्या पलीकडे बाण सोडायचा नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं, आडवं उभं नसलेलं हरीण समोरून गेलं तेव्हा धनुष्य उचललंसुद्धा नाही. ऑक्टोबरच्या शेवटी एक मादी अगदी जवळ, आडवी उभी राहिली. बाण दोन्ही फुफ्फुसांतून आरपार गेला, मी अर्धा तास जागेवरून हललो नाही, मग माग काढत गेलो तर ती समोरच्या उतारावरच पडलेली होती, फार लांब जायला तिला वेळच मिळाला नव्हता. त्यापुढचं तुम्हाला लिहीत नाही. वाया काही घालवलं नाही, एवढं मात्र सांगतो.

काका, तुम्हाला जे पटत नाही त्यात तुम्ही हात घातलात, आणि ते करताना स्वतःचं एक तत्त्वही सोडलं नाहीत की माझ्यावर लादलंही नाहीत. माझ्या घरच्यांपैकी कितीतरी जणांनी "कसलं हे खूळ" म्हणून तोंड फिरवलं होतं. त्यातले काही आता धनुष्य हातात घेऊन बघतात. हे तुमच्यामुळे झालं.

आणि एक काम आहे. तुमच्या नातीला धनुष्य हवंय, फक्त निशाणा मारायला, शिकारीचं नाही. तिच्या हाताला १५ पौंड पुरतील. फळी मी आणून ठेवलीये, ग्रेन सरळ आहे, फोटो काल पाठवला तो बघून सांगा. तेही दोन तुकड्यांत करायचं म्हणतेय ती, माझ्यासारखंच. नळी किती जाड घ्यायची, ते माप तेवढं व्हॉट्सअॅपवर टाका आणि पुढच्या उन्हाळ्याचं तिकीट बुक झालं की तारीख कळवा. काकूंना नमस्कार.

तुमचा,
शेजारचा गॅरेजवाला