मोठ्या फाइली एकाच ठिकाणी ठेवण्याचा धोका

मा. संपादक,

मोठ्या फाइली एकाच ऑनलाइन साठवणसेवेच्या भरवशावर सोडणे किती धोक्याचे आहे, हे अमेरिकी सरकारने जानेवारी 2012 मध्ये ‘मेगाअपलोड’ ही फाइल-साठवणसेवा बंद पाडली तेव्हाच दिसले होते. चोरीच्या चित्रपटांबरोबर अनेकांच्या स्वतःच्या, पूर्णपणे कायदेशीर फाइलीही तेव्हा हातच्या गेल्या. पुढे 2015 मध्ये ‘रॅपिडशेअर’ आणि 2023 मध्ये ‘झिपीशेअर’ या अशाच सेवांनी गाशा गुंडाळला. त्यामुळे नाट्यप्रयोगांच्या चित्रफिती किंवा जुन्या मासिकांचे स्कॅन जपणाऱ्या संस्थांनी प्रती अनेक ठिकाणी ठेवाव्यात हे उघड आहे. अडचण वेळेची आहे. 10 जीबीची फाइल 10 एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) वेगाने अपलोड व्हायला सव्वादोन तास लागतात, आणि चार सेवांवर एकाच वेळी चढवली तरी तोच वेग चौघींत वाटला जाऊन जवळपास नऊ तास जातात. फाइल एकदाच घेऊन ती आपल्या सर्व्हरवरून इतरत्र पाठवणाऱ्या मध्यस्थ सेवा हा वेळ वाचवतात खऱ्या, परंतु त्यात आपला मजकूर तिऱ्हाइताच्या हाती पडतो (जाहिरातींचा मारा वेगळाच). त्यापेक्षा फाइल आधी कूटबद्ध करून भाड्याच्या सर्व्हरवर एकदाच चढवावी, तेथून ‘आरक्लोन’ या मोफत साधनाने सर्वत्र पाठवावी आणि प्रत्येक प्रतीचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली, तो बदलल्यास बदलणारी खूण) आपल्याकडच्या कूटबद्ध फाइलच्या चेकसमशी ताडून पाहावा.

– एक वाचक