समचलन: आधी पडताळा, मग त्रैराशिक

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शेजारची आठवीतली मुलगी गेल्या महिन्यात घरचे विजेचे बिल घेऊन माझ्याकडे आली. आधीच्या १५० युनिटांच्या बिलावरून तिने ३०० युनिटांची रक्कम त्रैराशिकाने, म्हणजे तीन माहीत आकड्यांवरून चौथा काढण्याच्या रीतीने, काढली होती आणि ती प्रत्यक्ष बिलाशी जुळत नव्हती, म्हणून बिलच चुकले आहे अशी तिची खात्री झाली होती. तिचा गुणाकार-भागाकार अचूक होता. चूक होती ती युनिट आणि रक्कम समचलनात आहेत, म्हणजे एक जितक्या पटीने वाढते तितक्याच पटीने दुसरीही वाढते, असे धरून चालण्यात. शून्य युनिट जाळले तरी स्थिर आकार भरावाच लागतो आणि पुढच्या टप्प्यांत युनिटचा दर वाढत जातो, त्यामुळे युनिट दुप्पट झाले म्हणून रक्कम नेमकी दुप्पट होत नाही.

बरीच वर्षे गणित शिकवलेला माणूस म्हणून मला हा दोष त्या मुलीचा वाटत नाही. पाच वह्यांना १०० रुपये तर आठ वह्यांना किती, अशा धर्तीची उदाहरणे आपण मुलांकडून इतकी सोडवून घेतो, की तीन आकडे दिसताच ती ‘क्रॉस मल्टिप्लाय’ करून मोकळी होतात. फलाला (इथे १०० रुपये) इच्छेने (आठ वह्या) गुणून प्रमाणाने (पाच वह्या) भागावे, ही आर्यभटाने ४९९ साली सांगितलेली रीत आजही तितकीच खरी आहे. पण ती लावण्यापूर्वी y भागिले x (वह्यांच्या उदाहरणात रुपये भागिले वह्या) हा भागाकार प्रत्येक जोडीत तोच येतो की नाही, हे पाहण्याची सवय आपण लावत नाही. हा भागाकार म्हणजेच चलनाचा स्थिरांक k, आणि माझ्या मते समचलनाच्या धड्याचा जीव त्यातच आहे.

हा स्थिरांक मुलांना स्वतः शोधू द्यावा, आणि त्यासाठी आपल्या गोव्यात पावसासारखे साधन नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. गेल्या पावसाळ्यात डिचोलीतील माझ्या घरी चार मुलांनी पाऊस मोजायला अंगणात सरळ कडांचा स्टीलचा डबा ठेवला, १२ चौरस मीटरच्या पडवीवरचे पाणी पन्हळीतून पिंपात घेतले आणि ते लिटरच्या मापाने मोजले. ६ मिलिमीटर पावसाला ६१ लिटर, ११ ला १०८ आणि १५ ला १५२ लिटर पाणी मिळाले. भागाकार अनुक्रमे १०.२, ९.८ आणि १०.१ आले. स्थिरांक १२ यायला हवा होता, मग तो १० च्या आसपास का आला, यावर मुलांचा बराच वाद झाला आणि शेवटी त्यांनीच पन्हळीच्या सांध्यातून होणारी गळती व कडेने उडणारे पाणी शोधून काढले. हिशेब पुस्तकातल्यासारखा तंतोतंत नव्हता, तरीही समचलन स्पष्ट दिसत होते, आणि मला तेच मोलाचे वाटले. २०० लिटरचे पिंप भरायला २० मिलिमीटर पाऊस लागेल, हे त्यांनी लगेच सांगितले. गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर एका पडवीवरूनच ३०,००० लिटर पाणी मिळते, हा आकडा काढल्यावर मात्र ती गप्प झाली, कारण एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणे त्यांच्या घरांना नवीन नाही.

राज्यातील गणिताच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर हा प्रयोग एकदा तरी करून घ्यावा आणि मिळालेल्या जोड्या आलेखावर मांडून समचलनात जाते तशी रेषा आरंभबिंदूतून (०, ०) जाते का, हे मुलांना पाहू द्यावे. तसेच प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी समचलनात असलेली आणि नसलेली, अशी दोन्ही कोष्टके शेजारी-शेजारी द्यावीत आणि त्रैराशिक कुठे लागू पडते व कुठे नाही, याचे कारण लिहिण्यासाठी स्वतंत्र गुण ठेवावेत.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक,
डिचोली, गोवा