हक्कसोडीवरची सही

हिंदू स्त्रियांना वारसाहक्क देऊ पाहणारे हिंदू कोड बिल रखडले, हे डॉ. आंबेडकरांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला, मुलीला मिळकतीत पाय ठेवायला जागा दिली. पण वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मतः सहहिस्सेदार ठरायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभरात २००५ उजाडावे लागले. कायदा झाला, सातबारा मात्र बहुतेक भावांच्याच नावे! कारण बहिणीला 'माहेर तुटेल' ही धास्ती. (भावाला कधी बहीण तुटेल असे वाटत नाही, हे विशेष.) माझ्या आत्याने साडीचोळीवर हक्कसोड पत्राला अंगठा दिला होता. परवा तिच्या नातीनेही तसल्याच कागदावर सही केली. नात वकील आहे.

– एक वाचक, सातारा