एका फोनला चार जण, वय कुणाचं लावायचं?

मा. श्री. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

विषय : स्मार्टफोनवर वयपडताळणीची सक्ती आणू नये याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात, बाजाराच्या एका गावी, मी बारा वर्षं महा ई-सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. कागदावर माणसाचं वय कसं चढतं, ते मी रोज बघते. मुलांना जपण्यासाठी फोनवरच वय तपासावं, अशी चर्चा आता आपल्याकडेही जोर धरू लागली आहे. म्हणून हे पत्र.

आमच्याकडच्या जुन्या माणसांना जन्मतारीख विचारा, बहुतेकांची १ जून निघते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं लावलेली ती तारीख. दाखल्यावरून ती आधारवर आली, आधारवरून सगळीकडे गेली. मागे एका मावशींचा अर्ज भरत होते. कागदाप्रमाणे त्यांच्यात आणि त्यांच्या थोरल्या मुलात अकरा वर्षांचं अंतर! त्या म्हणाल्या, "बाई, पोरगा तर माझाच हाय." वय दुरुस्त करायला त्यांनी तालुक्याला तीन खेपा घातल्या. तीन दिवसांची मजुरी गेली, काम झालं नाही. ज्या कागदावर आईचं वय असं लागलंय, त्यावरून फोन कुणाला उघडायचा आणि कुणाला नाही, हे ठरणार का?

दुसरी गोष्ट फोनची. दिवाळीच्या सुमारास आमच्या वाड्या-तांड्यांवरचे नवरा-बायको उचल घेऊन ऊसतोडीला जातात, सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात. चांगला फोन बापाबरोबर फडावर जातो. घरी उरतो तो जुना, काच फुटलेला, आजीजवळ. त्यावर नातीला शाळेचा गृहपाठ येतो, नातू कार्टून बघतो, आजी लेकाचं तोंड बघायला व्हिडिओ कॉल लावून घेते, शेजारीणही हप्ता जमा झाला का ते त्यावरच बघून जाते. या फोनचं वय काय लावायचं? सत्तर की बारा? सत्तर लावलं तर पोरांना सगळंच उघडं. बारा लावलं तर आजीचंच काम अडलं.

बरं, आजीची पडताळणी तरी होईल का? त्यांनीही उमेदीत कोयता चालवलेला. मी ओल्या फडक्यानं त्यांचा अंगठा पुसते, मशीनवर ठेवते, दाबून धरते. लाल दिवा. दुसरं बोट, तिसरं बोट. बोटांच्या रेषाच झिजून गेल्यात. मग चेहरा दाखवायचा, तर डोळ्यात मोतीबिंदू, पडद्यावरचं दिसत नाही, सांगितलं तेव्हा पापणी मिटत नाही म्हणून मशीन नाही म्हणतं. हे मी पेन्शनसाठी, रेशनसाठी करून घेते, कारण गत्यंतर नाही. लेकाशी बोलायलाही हेच करावं लागलं, तर मला त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही.

आणि मुलं ओळखायची म्हटल्यावर कागद सगळ्यांचेच मागावे लागतात, हा यातला खरा धोका. इकडे आधारची झेरॉक्स कुठं कुठं पडते, ते मी पाहिलंय. माझ्याच सख्ख्या दिराच्या नावावर त्याला न विचारता चार सिम निघाली होती. सिम घेताना एका दुकानात झेरॉक्स दिली, एवढीच त्याची चूक. आम्हाला कळलं ते आपल्या नावावर किती सिम आहेत ते दाखवणाऱ्या सरकारी 'संचार साथी' पोर्टलवर, आणि त्या सोयीबद्दल मी सरकारची खरंच ऋणी आहे. पण त्याचंच अॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीनं टाकायचा दूरसंचार विभागाचा आदेश निघाला, तेव्हा लोकांनी हरकत घेतली, आणि ३ डिसेंबर २०२५ ला सरकारनं तो मागे घेतला. ते योग्यच झालं. सोय आपणहून वापरणं वेगळं, फोनमध्ये कुणीतरी बसवून देणं वेगळं.

२०१७ मध्ये सिमला आधार जोडा म्हणून लोकांनी रांगा लावल्या होत्या. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. तोवर लोकांचे ठसे देऊन झाले होते. त्याच्या आदल्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं होतं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क आमच्या वाडीपर्यंत येतो, असं मी धरून चालते.

बाहेर काय झालं तेही बघावं. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून प्रौढांच्या संकेतस्थळांवर वय तपासणं सक्तीचं झालं, आणि लगेच आपण कुठून बघतोय ते लपवणारं व्हीपीएन डाउनलोड करणाऱ्यांची झुंबड उडाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपनं कबूल केलं की त्यांचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असावेत. वयाबद्दलच्या तक्रारी तपासण्यासाठीच ते फोटो घेतलेले होते. कॅलिफोर्नियानं २०२७ पासून फोन सुरू करतानाच वय विचारायचा कायदा केलाय. त्यात निदान ओळखपत्र मागितलेलं नाही, वय सांगायचं, अॅपना वयोगट तेवढा कळतो. तरी एका फोनला एकच माणूस, हे त्यात धरलेलंच आहे.

आता एका मुलीबद्दल सांगते. दहावीतली. आईबाप फडावर, सोयरीक ठरलेली. संध्याकाळी गिऱ्हाईक संपेपर्यंत ती दाराशी थांबून राहिली. आजीचा फोन ओढणीत गुंडाळलेला. आत येऊन हळूच म्हणाली, "ताई, ह्यात बघितलेलं घरी कळतं का?" लग्नाचं कायद्यानं वय किती, ते तिनं शोधलं होतं. पुढं काय करायचं, ते तिला समजत नव्हतं. मी तिला शोधलेलं पुसायला शिकवलं आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावून दिला. लग्न थांबलं. ती आज कॉलेजात जाते.

आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि त्याची माहिती वापरायला आईबापाची पडताळलेली संमती लागेल अशी तरतूद आहे. बालसंरक्षणासाठी नियमांत काही सवलती आहेत, हे मला माहीत आहे. पण फोननंच दारात वय विचारलं, आणि मुलगी काय बघते ते बापाच्या फोनवर कळू लागलं, तर ती सवलत तिच्यापर्यंत पोचणारच नाही. बालविवाहात आमचा बीड राज्याच्या सरासरीच्या कितीतरी वर आहे. संमती देणारे आणि लग्न ठरवणारे इथं पुष्कळदा एकच असतात.

माझीही दोन मुलं आहेत. रात्री पांघरुणात रील बघताना मी त्यांना पकडलंय. काळजी नाही असं कसं म्हणू? पण त्याच डेटा संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमात मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे, मोडल्यास २०० कोटींपर्यंत दंड आहे. तो आधी कंपन्यांना लावून दाखवा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तो खेळ चालवणाऱ्यांवर झाला. त्यासाठी कुणा आजीचा अंगठा घ्यावा लागला नाही. हाच रस्ता धरावा.

आणि कुठं वय विचारणं अगदी टळणारच नसेल, तर 'अठरा पूर्ण आहे की नाही' एवढंच विचारलं जावं. आधार क्रमांक, फोटो, ठसा कंपनीच्या हाती जाता कामा नये. आरोग्य, कायदा आणि मदतीची पानं त्या अटीतून पूर्ण मोकळी असावीत. ज्याच्याकडे कागद धड नाही, त्याचा फोन बंद पडू नये.

असा कुठलाही नियम येणार असेल, तर त्याचा मसुदा मराठीतून काढा आणि हरकतींसाठी वेळ द्या. ऊसतोडीचा हंगाम संपून माणसं गावी परततात तेव्हाचा. मी तो केंद्राच्या भिंतीवर लावीन, बाजाराच्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवीन, आणि लोक जे सांगतील ते लिहून आपल्याला पाठवीन. त्याचे पैसे घेणार नाही.

आपली,
महा ई-सेवा केंद्र चालक,
ता. माजलगाव, जि. बीड