ज्युलीज बायसिकलच्या मंडळींना कुडाळहून मनापासून थँक्यू

संस्थापक अ‍ॅलिसन टिकेल मॅडम आणि कलाकारांना पर्यावरणाच्या कामात मदत करणाऱ्या लंडनच्या ज्युलीज बायसिकल या संस्थेतली सगळी मंडळी, नमस्कार.

तुमची आमची ओळख नाही, पण तुम्ही फुकट वापरायला दिलेली, कार्बनचा हिशोब काढून देणारी क्रिएटिव्ह क्लायमेट टूल्स (आधीची क्रिएटिव्ह ग्रीन टूल्स) नसती तर आमचा अर्ज गेलाच नसता, म्हणून हे जाहीर पत्र, आणि मराठीत अशासाठी की इकडच्या नाटकवाल्यांनीपण वाचावं.

मी एका दशावतारी मंडळाचा पत्रव्यवहार बघते. इंग्लंडमधल्या काही बाहुलीवाल्यांसोबत आम्हाला दोन गावांवर एक प्रयोग बसवायचाय, इकडे मालवणजवळचं देवबाग, जिथे एकीकडे कर्ली नदी आणि दुसरीकडे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर लोक राहतात आणि बंधारा कधी होणार विचारत राहतात, आणि तिकडे नॉर्फोकचं हेझबरो, जिथे कडा ढासळून घरं गेली. पैसे दोघांकडेही नाहीत. इंटरनॅशनल ग्रँटचा फॉर्म उघडला तर बजेटच्या खालीच प्रश्न, प्रोजेक्टचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे त्यापायी हवेत जाणारा कार्बन, किती आणि कमी कसा करणार. नाइट, मानधन, टेम्पोचं भाडं हे आम्हाला तोंडपाठ आहे हो, पण धुराचा हिशोब कोणी कधी मागितलाच नव्हता.

मग शोधताना तुमचा आइस वॉच या कलाकृतीवरचा रिपोर्ट मिळाला. 2015 ला पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी कलाकार ओलाफुर एलियासन आणि भूवैज्ञानिक मिनिक रोझिंग यांनी ग्रीनलँडच्या नूकजवळच्या समुद्रात तरंगणारे बर्फाचे 12 तुकडे आणून पाँतेऑं या स्मारकासमोर घड्याळासारखे गोल मांडले होते, येणारेजाणारे हात लावून बघत होते, पैसा ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या दानसंस्थेचा. बर्फ वाचवा सांगायला बर्फच बोटीतून आणायचा हे मलापण आधी पटलं नव्हतं. पण तुम्ही हिशोब काढून उघड मांडलात, साधारण 30 टन कार्बन, त्यातला बहुतेक वाहतुकीचा, म्हणजे 30 माणसं पॅरिसहून ग्रीनलँडला विमानाने जाऊन आली असती तर जेवढा झाला असता तेवढा. हे वाचलं आणि माझं मत बदललं, कारण आकडा लपवला असता तर लोकांनी नावंच ठेवली असती, आता निदान त्यावर बोलता तरी येतं.

आणि 2012 पासून तिकडे कलांना सरकारी पैसा देणाऱ्या आर्ट्स काउन्सिल इंग्लंडने नियमित अनुदान घेणाऱ्या संस्थांना विजेचा पाण्याचा हिशोब द्यायला लावला त्यामागेही तुम्हीच होतात, कलांना पैसा देणाऱ्यांमध्ये असं करणारी जगातली ती पहिलीच संस्था. सरकारी पैशाला अशी अट घालायला हिंमत लागते.

आमचं टूल भरलं तेव्हा विमानाचा आकडा एवढा मोठा आला की बाकीच्या ओळी बघायचीच गरज नव्हती. रात्री तालमीनंतर सगळ्यांना बसवून वाचून दाखवला. थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग आमचे शंकासुराचं काम करणारे काका म्हणाले, "पेटारो न्हेवया, बाकडां थंयसरच गावतला." म्हणजे पेटारा नेऊया, बाकडं तिथेच मिळेल. तिथेच ठरलं. दशावताराला तसंही एक बाकडं आणि मागे पडदा पुरतो, सेट विमानात कशाला घालायचा? माणसं कमी नेणार, आणि एकदा गेलो की तिकडच्या किनाऱ्यावरच्या गावांमध्ये जास्त दिवस राहून जास्त प्रयोग करणार. बाहुल्यांचे सांगाडेही तिकडून आणायचे नाहीत, ते इकडेच बांबूचे होतील.

एक मात्र तुमच्यासारख्यांनीच ग्रँट देणाऱ्यांना सांगावं असं वाटतं. तिकिटाचे पैसे लगेच मंजूर होतात पण जास्तीच्या दिवसांच्या राहण्याजेवणाचे आणि मानधनाचे कापले जातात, मग माणूस चार दिवसांत पळत परत येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा विमान. कार्बन कमी करायचा असेल तर कलाकाराच्या दिवसांना पैसे द्यावे लागतील.

अर्ज गेलाय, उत्तर यायचंय. मधल्या काळात मी तुमचं टूरिंगबद्दलचं गाईड मराठीत करायला घेतलंय, बाजूच्या दोन मंडळांनी मागितलंय. त्यासाठी परवानगी कोणाकडे मागायची तेवढं कळवा. खूप खूप आभार.