ब्विंडीहून आल्यावर सुहासला

कंपाला

प्रिय सुहास,

काकूंचा गुडघा कसा आहे आता? फोनच करणार होतो पण तुझी ओपीडी आणि माझं ऑफिस, वेळ काही जुळत नाही, आणि हे तुला नीट सांगायचंय म्हणून लिहायलाच बसलो.

ब्विंडीला जाऊन आलो रे! युगांडाच्या नैऋत्य टोकाला, काँगोच्या बॉर्डरला लागून, इथून गाडीने आख्खा दिवस जातो. जंगल तसं फार मोठं नाही, 331 चौरस किलोमीटर, पण 25 हजार वर्षांपेक्षा जुनं, हिमयुगात आफ्रिकेतली बाकीची जंगलं आक्रसत गेली तेव्हाही हे टिकून राहिलं, म्हणूनच इतक्या जाती आहेत इथे, नुसते पक्षीच साडेतीनशे प्रकारचे. आणि जगात माउंटन गोरिला उरलेत हजाराच्या थोडे वर, त्यातले चाळीस टक्क्यांच्या वर या एका डोंगराळ पट्ट्यात.

चालायला मात्र भयंकर. आपण सह्याद्रीत कमी भटकलोय का, पण इथे पाय जमिनीवर पडतोय की वेलींच्या जाळीवर तेच कळत नाही, उतार निसरडा, हाताला धरायला जावं तर खाजकुयलीसारखी आग होणारी पानं. गोरिला रोज संध्याकाळी झोपायला नवीन घरटं करतात, ट्रॅकर लोक पहाटेच कालच्या घरट्यांपाशी जातात आणि तिथून माग काढत वायरलेसवर आमच्या गाइडला सांगतात.

आणि मग दिसले. एक मादी बसून देठ सोलत होती, दाताने साल ओढायची, आतला ओला गाभा खायचा, साल बाजूला टाकायची, अजिबात घाई नाही. बोटं जाडजूड, नखं थेट आपल्यासारखी. तिचं पिल्लू उठून आमच्याकडेच यायला लागलं, तसं गाइडने आम्हाला लगेच मागे मागे घेतलं. दहा मीटर अंतर ठेवायचं, तोंडाला मास्क, आठच माणसं, एकच तास. मला तो नियम आधी जरा जास्तच कडक वाटलेला, पण त्यामागचं कारण कळल्यावर सगळ्यात आधी तू आठवलास.

1996 साली इथल्या गोरिलांना खरूज झाली. अरे हो, खरूज! केस गळाले, एक पिल्लू दगावलं, बाकीचे आयव्हरमेक्टिन या औषधाने बरे झाले. ती आली होती आजूबाजूच्या गावांतल्या माणसांकडून, जिथे धड दवाखाना नव्हता. तेव्हा उपचार करणाऱ्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका, त्यांनी 2003 मध्ये संस्थाच काढली, गावातल्या माणसांचं आरोग्य सांभाळलं तरच गोरिला वाचतील म्हणून. गावातलेच स्वयंसेवक घरोघर जातात, टीबीचे संशयित शोधतात, संडास, हात धुणं, कुटुंब नियोजन, आणि त्याच फेरीत गोरिलांबद्दलही बोलतात. तुझ्या आशाताई करतात तेच काम बघ. मला हे फार म्हणजे फार आवडलं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाहीये. या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बाट्वा लोक, 1991 मध्ये नॅशनल पार्क झालं आणि त्यांना बाहेर काढलं, बहुतेकांना जमिनीचा तुकडाही नाही मिळाला. आता त्यातले काही टुरिस्टांना आपलं जुनं जगणं करून दाखवतात, मध कसा काढायचे, आग कशी पेटवायचे. मी बघितलं, पैसे दिले, पण मला तुझ्या वाड्यांवरचे कातकरीच दिसत होते सारखे. गोरिला वाचले याचा मला खरंच आनंद आहे, पण त्याची किंमत याच लोकांनी का भरावी, गोरिला बघायच्या परमिटच्या पैशातला मोठा वाटा त्यांना का नको?

परमिट 800 डॉलर आहे, महाग आहे, तरी तू ये. जून ते ऑगस्ट पाऊस कमी असतो, राहायचं माझ्याकडेच. पूर्ण बाह्यांचे शर्ट आण, आणि सर्दी-खोकला असेल तर आत सोडत नाहीत हे लक्षात ठेव. पिवळ्या तापाची लस लागतेच, ती मुंबईला जाऊन आत्ताच घेऊन टाक आणि तारखा कळव, परमिट आधीपासून बुक करावं लागतं.

तुझा,
मंदार